पाखल्याची बंदूक

"ही पाखल्याची न्हय गो बाय," पांडुरंगबाब म्हणाले. मी त्यांच्या दुकानाच्या दारातून म्हापशाच्या बाजारात पोदेराकडून पाव मोजून घेणाऱ्या एका बाईकडे बघत होते आणि ते वाक्य कानावर पडल्यावरही थोडा वेळ तिच्याकडेच बघत राहिले. असली वाक्यं मी दुसऱ्यांना ऐकवते. मला कुणी ऐकवण्याची सवय नाही. पणजीच्या एका विमा कंपनीत मी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करते. मालक सांगतो, कुत्रं आडवं आलं. बंपर सांगतो, भिंत होती. मी मालकाचं सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि बंपरवर विश्वास ठेवते. इतकी वर्षं हे केल्यावर चेहऱ्याला एक थंडपणा येतो, तो माझ्याही आला असावा, कारण पांडुरंगबाबांनी तेच वाक्य दुसऱ्यांदा जरा मऊ करून सांगितलं. ते बंदुकांचे परवानाधारक व्यापारी, दुकान त्यांच्या आजोबांच्या वेळचं. बाबा वारले तेव्हा कायद्याप्रमाणे बंदूक घरात ठेवता येईना, म्हणून ती आम्ही त्यांच्याकडे जमा केली होती. आता तिची ओळख आणि किंमत त्यांनी एका कागदावर लिहून द्यायची, एवढंच माझं काम होतं. पोर्तुगीज गोऱ्या शिपायाला आमच्याकडे पाखलो म्हणतात, आणि आमच्या भिंतीवरची ती बंदूक सगळ्या मये गावात पाखल्याची बंदूक म्हणूनच माहीत होती.

त्यांनी ती गोणपाटावर आडवी ठेवली होती. दस्त्याच्या वरच्या लोखंडावर बोट ठेवून त्यांनी मला मुकुट दाखवला, मुकुटाखालची झिजलेली इंग्रजी अक्षरं दाखवली. इशापूर, बंगालातला सरकारी कारखाना, इंग्रजांच्या वेळचा. मूळची लष्करी रायफल, पण नळी आतून गुळगुळीत करून घेतलेली, म्हणजे गोळी नाही, छर्रे उडवायचे. अशा बंदुका पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना देत. जिथे काडतुसांची पेटी असायची तिथे लाकडाचा ठोकळा बसवलेला होता. हे का, तर कैद्याने हिसकावून घेतलीच तर त्याला एकच बार मिळावा. हे सांगताना पांडुरंगबाबांना भारी मजा वाटत होती. लष्करी म्हणाल तर लष्करी आहे, म्हणाले, पण पाखल्यांच्या लष्कराने ही कधी हातात धरली नसणार. किमतीचं विचारलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं. हिची काडतुसं आता मिळत नाहीत, गिऱ्हाईक मिळत नाही, परदेशात हौशी लोक असतील पण परदेशात नेणार कोण. एका बऱ्या सायकलीएवढे पैसे आले तर देवाला नारळ द्यावा. मग म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय, तू उगीच उघडून दाखवलीस. हसले. आणि मग नळी दारातल्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत बघता बघता त्यांचं हसू थांबलं. नळी आतून आरशासारखी होती. तेल कोण घालतं, त्यांनी विचारलं. बाबा घालायचे, दसऱ्याला, मी सांगितलं. "वर्साक एकदां तेल घातल्यार आमच्या पावसांत नळयेची चाळण जाता," ते म्हणाले. "हिका म्हयन्या म्हयन्याक कोणें तरी पुसल्या." त्यांनी नळीच्या तोंडाला नाक लावलं आणि खोबरेल नव्हे असा निर्वाळा दिला. मीही वाकून वास घेतला. वास ओळखीचा होता, फार जवळच्या ओळखीचा, पण कुठला ते काही केल्या आठवेना, आणि एखादं नाव जिभेवर येऊन अडावं तशी मी त्या दुकानात तोंड किंचित उघडं ठेवून उभी राहिले. कागद आत्ता नको, दोन दिवसांनी येते, असं सांगून बाहेर पडले.

बाबा दसऱ्याला सकाळी न्हाऊन बंदूक भिंतीवरून उतरवत. पाटावर ठेवत, खोबरेल लावत, तळहाताने हाणून हाणून तिचा काडतूस घालायचा खटका उघडत. तो कधी सरळ उघडला नाही. मग झेंडूची माळ घालत आणि वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, माणसं आपट्याची पानं द्यायला आली की गोष्ट सांगत. गोष्ट अशी होती. एकसष्ट साल, डिसेंबर महिना. भारताचं सैन्य हद्दीतून आत आलेलं, पाखले पूल उडवत पणजीच्या दिशेने पळत होते. बाबा तेव्हा विशीतले, कुळागरात माडांना पाणी लावत होते. पोफळींमधून एक पाखलो बाहेर आला, एकटा, मिसरूडही धड न फुटलेला. "आग्वा," म्हणाला. शाळेत शिकलेल्या पोर्तुगीजमधलं पाणी एवढं बाबांना कळत होतं. त्यांनी नारळाच्या करटीतून पाणी दिलं. तो प्यायला, रडला, आणि मग त्याने बंदूक दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली आणि मोकळ्या हातांनी निघून गेला. बाबा इथे थांबत. कुणी तरी विचारायचंच की मग तुम्ही ती कधी वाजवली का नाही, आणि बाबा म्हणत, पाखल्याची काडतुसं पाखल्याबरोबर गेली. सगळे हसत. आई चहा घेऊन येई. लहानपणी मला त्या गोष्टीत बंदूक महत्त्वाची वाटत नसे. मला ते दोन्ही हात आवडत. आमच्याकडे शेजारणीची वाटी परत करतात तशी त्याने बंदूक दिली असणार असं मी मनात धरलं होतं. मी त्याला नाव दिलं होतं, आंतोन, आणि कितीतरी वर्षं तो माझ्या मनात पणजीच्या रस्त्याने चालतच राहिला. शाळेत असताना मला कुणी रागावलं की मी त्याला पाणी देत असे. लग्न मोडलं त्या वर्षीही दिलं असेल. आता खात्रीने सांगता येत नाही.

गाडी अस्नोड्याच्या पुलावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बाबांवर रागावलेली नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मी फक्त हिशेब मांडल्यासारखं बघत होते: हा मालक, ही त्याची गोष्ट, हे लोखंड. हजारो गोष्टी मी अशा सोलून काढल्या, आणि जी माझ्या घरात भिंतीवर टांगली होती तिला कधी नखही लावलं नाही. बंदुकीला बायकांनी हात लावायचा नाही असा आमच्याकडे नेम होता, तो मी गोष्टीलाही लागू केला असावा. पण प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. माझा चुलतभाऊ साईश पंच झाला होता आणि पंचायतीच्या सभागृहात मुक्तिदिनापर्यंत एक कोपरा उभा करत होता. काचेची पेटी तयार होती. आत पाखल्याची बंदूक, खाली बाबांचं नाव, कृष्णनाथ, आणि चार ओळी. त्याला फक्त जाणकाराचा कागद हवा होता की बंदूक पोर्तुगीज लष्कराची आहे. पांडुरंगबाबांचा कागद त्याच्या हातात ठेवला तर बाबा सगळ्या गावासमोर खोटे ठरणार होते, आणि मेलेल्या माणसाला स्वतःची बाजूही मांडता येत नाही. न ठेवावा तर त्या काचेखालच्या चार ओळी माझ्या असणार होत्या. दुसऱ्यांचं खोटं पकडून ज्या बाईचं पोट भरतं, तिच्या. माझा भाऊ गौरेश इंग्लंडातून फोनवर म्हणाला की देऊन टाक, आपल्या घराण्याचं नाव होईल. तो पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेला आहे, तेव्हा बंदुकीचा वारस तो होऊच शकत नव्हता. बाबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, त्या आधारावर त्याला पासपोर्ट मिळाला. त्या दिवशी बाबा म्हणाले होते, पाखल्यांनी आदीं बंदूक दिली, आता पासपोर्ट दिलो, आनी कितें दिवचें? तेव्हा मीसुद्धा हसले होते.

एखाद्या गोष्टीतलं एक खोटं निघालं की बाकीचं सगळं ढिलं होतं. नट एक पडतो आणि मग सगळं दारच खडखडू लागतं. डिचोलीच्या बाजारातून जाताना मला बाबांच्या दुसऱ्या गोष्टी आठवू लागल्या आणि प्रत्येकीच्या खाली मी मुकुट शोधू लागले. पोहत तळं ओलांडलं होतं म्हणायचे. मास्तराने शाबासकी दिली होती म्हणायचे. माझ्या जन्माच्या रात्री ते भर पुरातून सुईणीला घेऊन आले होते. हेही नसेल. हे नसलं तरी मी जन्मले आहेच, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला फारसं पटलं नाही. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगायला हवं. बाबा खोटे निघतील याची नव्हे, तर बाबा निघालेच नाहीत तर, याची. गोष्टी काढून घेतल्या की खाली पांढऱ्या बनियनमधला, सुपारी कातरणारा, फार न बोलणारा एक माणूस उरत होता आणि त्याची माझी नीटशी ओळख नव्हती. घराच्या वळणावर मी गाडी थांबवून पाणी प्यायले.

आई मागच्या सोप्यावर सुपात कोकमाची सुकी सोलां निवडत बसली होती. माझी आई सत्यवती, सावंतवाडीकडची. लग्न होऊन मयेत आली आणि आमच्यासारखं बोलायला लागली. पण बाबा गेल्यापासून तिच्या तोंडी तिची माहेरची बोली परत यायला लागली होती, जणू इतकी वर्षं ती कुठे तरी घडी घालून ठेवली होती. मी तिला पांडुरंगबाबांनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं. मुकुट, इशापूर, तुरुंगाचे पहारेकरी. तिने सोलां निवडणं थांबवलं नाही. साईशला काय सांगू ते मला कळत नाही, असं मी म्हटलं तेव्हा ती उठली आणि आतून माझ्यासाठी पेज घेऊन आली, वर लोणच्याची फोड. मी जेवू लागल्यावर ती बोलू लागली. बंदूक तिच्या बापाची होती. माझे आजोबा तुरुंगावर पहारेकरी होते हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत होतं आणि पांडुरंगबाबांच्या दुकानात 'पहारेकरी' हा शब्द ऐकूनही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आईकडच्या माणसांचा त्या बंदुकीशी काही संबंध असेल हे माझ्या विचारातच बसत नव्हतं. तुरुंगात नवी हत्यारं आली तेव्हा जुनी विकायला काढली, आणि आजोबांनी रीतसर परवाना काढून आपल्या हातातलीच विकत घेतली. त्यांना मुलगा नव्हता. मुलींच्या लग्नात थोरलीला पाटल्या गेल्या, मधलीला गाय गेली, धाकटीच्या वेळी घरात काही उरलं नव्हतं. कुळागर आहे, माकडं आहेत, रानडुकरं आहेत, तर जावयाच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ती बंदूक दिली. गोधडीत गुंडाळून आली आणि बरीच वर्षं भाताच्या कोठीमागे गोधडीतच राहिली, कारण सासऱ्याने दिलेली वस्तू भिंतीवर लावली तर वाड्यावर बाबांचं हसं झालं असतं. आमच्याकडे मावाच्या, म्हणजे सासऱ्याच्या, जिवावर मिशी वाढवणारा, असं म्हणतात. माझे दुसरे आजोबा, बाबांचे वडील, वारले, घर बाबांच्या हातात आलं, तेव्हा ती भिंतीवर गेली. आणि पहिल्याच दसऱ्याला कुणी तरी विचारलं, ही खंयची?

मग पाखलो आलाच नव्हता का, मी विचारलं. माझा आवाज मला पुष्कळ लहान वाटला. आई म्हणाली, आला होता. ते खरं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबांनी ते तिला सांगितलं होतं, एकदाच, आणि परत कधी नाही. पाणी मागितलं तेही खरं आणि करटी खरी. पण तो रडला बिडला नाही. तो एका हाताने पाणी प्यायला आणि दुसऱ्या हाताने त्याने बंदुकीची नळी बाबांच्या छातीला लावून ठेवली होती, पाणी संपेपर्यंत. बाबा पाणी ओतत होते आणि त्यांची चड्डी भिजत होती. पिऊन झाल्यावर तो ओब्रिगाद म्हणाला, आभार मानून, बंदूक घेऊन, निघून गेला. त्या आभाराचं बाबांना सगळ्यात वाईट वाटलं होतं. झोपेत ते कधी कधी छातीवर हात धरून उठायचे ते मलाही आठवत होतं; आम्ही त्याला पित्त समजत होतो. त्या पहिल्या दसऱ्याला सगळ्यांसमोर ते बोलायला लागले तेव्हा आई चहा घेऊन दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं. ती एक शब्द बोलली असती तर गोष्ट तिथेच मोडली असती. "ते भियालेले," आई म्हणाली. "तेंका हातात कायतरी होया होता. म्हणान मी माझी बंदूक दिलंय." आणि सोलांचं सूप घेऊन ती आत गेली.

मी हात धुवायला उठले तेव्हा न्हाणीघराजवळच्या फळीवर ती छोटी बाटली दिसली आणि वासाचं नाव एकदम सापडलं. शिलाई यंत्राचं तेल. आईचं यंत्र गौरेश बाहेरदेशी जायच्या आधीच विकलं गेलं होतं. तरी दर खेपेला मी यायला निघाले की ती फोनवर सांगायची, यंत्राच्या तेलाची बाटली घेऊन ये, आणि मी बाजारातल्या ठरलेल्या दुकानातून ती घेऊन येत होते, वर्षानुवर्षं, आणि कुठलं यंत्र हा प्रश्न माझ्यासारख्या बाईला एकदाही पडला नव्हता. बाबा दुपारी वामकुक्षी घेत तेव्हा माजघरात लोखंडाचा एक बारीक आवाज येत असे, हेही आता आठवलं. पूर्वी तो आवाज कुठल्याच गोष्टीत बसत नसल्याने मी तो ऐकलाच नव्हता. मी बाटली उचलून बघितली. तळाशी थोडं तेल होतं. मला रडू आलं, फार नव्हे, पेजेच्या वाफेने येतं तितपत.

दोन दिवसांनी आम्ही तिघं म्हापशाला गेलो, आई, मी आणि साईश. मी साईशला काही सांगितलं नव्हतं. आईने मला सांगितलं होतं की मी बघतलंय, आणि ती कधी काही बघते म्हणाली की मी बाजूला होते. तिने दसऱ्याला नेसायची ती चॉकलेटी काठाची साडी नेसली होती. दुकानात साईश पांडुरंगबाबांशी काचेच्या पेटीबद्दल, आत बसवायच्या दिव्याबद्दल बोलत राहिला. प्रदर्शनात ठेवायची तर आधी बंदूक निकामी करावी लागते, नळीत आडवं भोक पाडून, हे पांडुरंगबाब त्याला समजावत होते. साईश म्हणाला, पाडा की, वाजवणार कोण आहे. त्यांनी बंदूक गोणपाटावर ठेवली आणि साईशला दाखवण्यासाठी खटका उघडायला गेले, तो अडला. त्यांनी तळहाताने एकदा हाणलं, बाबा हाणायचे तसंच. आई पुढे झाली. तिने पदर खोचला, दस्ता काखेत घेतला, खटक्याची मूठ आधी थोडी खाली दाबली, मग वर उचलून मागे ओढली. खटका तेलात हात बुडवल्यासारखा आवाज न करता उघडला. तिने नळीत अंगठ्याचं नख धरून उजेड कसा पडतो ते बघितलं, सवयीने, आणि परत बंद केली.  बाहेर एक बाई गावठी मिरच्यांचा भाव करत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"काकी," साईश म्हणाला. 

"पानी दिलेला खरा आसा, ता लिही. पाखलो इलेलो, ता लिही," आई म्हणाली. तिने त्याच्याकडे न बघता दस्त्यावरचा मुकुट पदराने पुसला. "गोष्ट तू घेवन जा, साईश. बंदूक माझी."

साईशने माझ्याकडे बघितलं. मी बंपरकडे बघते तशी मी त्याच्याकडे बघत राहिले असेन, कारण त्याने मान खाली घातली आणि दिव्याचं माप लिहिलेला कागद खिशात ठेवला. पांडुरंगबाबांनी घसा साफ करून सांगितलं की बंदूक आईच्या नावावर व्हायची तर या वयात परवाना मिळणं कठीण, मिळाला तरी वर्ष जाईल, कदाचित मिळणारच नाही. तोवर ती इथेच जमा राहील. आईने मान हलवली. तिला हे नवीन वाटलं नाही, वस्तू दुसऱ्याच्या भिंतीवर असण्याची तिला सवय होती. दर महिन्याला येऊन मी ती पुसेन, एवढं तिने त्यांना सांगितलं, त्यांनीही हो म्हटलं. मग तिने माझ्यापुढे हात केला, तळवा वर.  सकाळी गाडी लावून येताना मी नेहमीच्या दुकानात थांबले होते, काही न ठरवता. मी पर्स उघडली आणि तेलाची बाटली दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली.